सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी काय वाचू म्हणतोस, तर हे घे

तुझी यादी बघितली. निम्म्याहून जास्त पुस्तकं टूल्सचीच आहेत, सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारं टूल) आणि अमुक फ्रेमवर्क आणि तमुक फ्रेमवर्क. वाईट नाहीत, पण व्हर्जन बदललं की ती रद्दीत जातात आणि टूल शिकायला त्याचं डॉक्युमेंटेशन पुरतं, फुकट असतं ते. तुला अडतंय ते टूलमुळे नाहीच, समोर स्क्रीन आली की "इथे काय काय बिघडू शकतं" हे पटकन सुचत नाही, तिथे अडतंय. ते वाचून येतं का? बऱ्यापैकी येतं.

आधी ग्लेनफर्ड मायर्सचं 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' घे. १९७९चं आहे, नाक मुरडू नकोस. सुरुवातीलाच तो तुझी परीक्षा घेतो. तीन पूर्णांक घेऊन त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगणारा प्रोग्रॅम आहे, त्याच्या टेस्ट केसेस, म्हणजे काय काय आकडे देऊन तो तपासायचा ते, लिही म्हणतो. पान न उलटता लिही हां! १, २, ३ दिले तर त्रिकोणच होत नाही हे सुचलं का? आणि तेच आकडे वेगळ्या क्रमाने दिले तर? शून्य, ऋण, तीनऐवजी दोनच आकडे? पुढे तो १४ प्रश्नांवर तुला तपासतो आणि सांगतो की चांगल्या अनुभवी प्रोग्रॅमर्सनाही सरासरी ७.८च मिळतात. बाउंड्री व्हॅल्यू (मर्यादेच्या काठावरचे आकडे तपासणं) आणि इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग (सारख्या वागणाऱ्या इनपुटचे गट करून प्रत्येकातला एखादा तपासणं) हा भाग नीट वाच, बाकी चाळलंस तरी चालेल.

मग केनर, बाख आणि पेटीकॉर्ड या तिघांचं 'लेसन्स लर्न्ड इन सॉफ्टवेअर टेस्टिंग'. छोटे छोटे धडे आहेत, कुठूनही उघड. त्यातलं बग रिपोर्टवरचं प्रकरण मात्र दोनदा वाच, कारण बग सापडणं हे अर्धंच काम, तो फिक्स करावासा डेव्हलपरला वाटला पाहिजे आणि ते तुझ्या लिहिण्यावर आहे. एक्सप्लोरेटरी टेस्टिंगसाठी, म्हणजे आधी स्क्रिप्ट न लिहिता वापरत-शोधत टेस्ट करण्यासाठी, एलिझाबेथ हेंड्रिक्सनचं 'एक्सप्लोर इट!', पातळ आहे, पटकन होईल. आयएसटीक्यूबीचा (टेस्टर्सना सर्टिफिकेट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सिलॅबस शब्द कळण्यापुरता वाच, परीक्षा द्यायची की नाही तो वेगळा विषय.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे तुझ्या यादीत अजिबातच नाही, अपघातांचे रिपोर्ट. थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनवर नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांचा १९९३चा लेख आहे, तो शोधून काढच. १९८५ ते ८७मध्ये सहा पेशंट्सना भयंकर जास्त डोस गेला. एका ठिकाणी काय झालं, ऑपरेटरने एक्स-रेचा मोड चुकून टाकला, लगेच कर्सर वर नेऊन दुरुस्त केला आणि पुढे गेली, पण मशीनचे मॅग्नेट सेट व्हायला आठेक सेकंद लागायचे आणि तेवढ्यात केलेला बदल सॉफ्टवेअरला कळायचाच नाही. त्या वेळी मशीनने दाखवलेला एरर कंपनीच्या इंजिनिअरला आधी येतच नव्हता! हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने आणि त्या ऑपरेटरने मिळून शोधलं की एंट्री झपाझप केली तरच येतो. रोज तेच काम करणाऱ्याचा हात बसलेला असतो, आपण टेस्ट करताना एकेक फील्ड बघत सावकाश भरतो, हे मला कुठल्याही टेक्निकच्या पुस्तकापेक्षा या लेखातून जास्त कळलं.

तसाच १९९६च्या एरियान ५ रॉकेटचा चौकशी अहवाल. ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये मावला नाही आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट नष्ट झालं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं वाच, तो कोड एरियान ४मधून उचललेला होता, तिथे तो नीट चालला होता आणि नवीन रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून त्या भागाची टेस्ट झालीच नव्हती. "जुनाच मॉड्यूल आहे, टेस्टेड आहे" असं मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की मला हा रिपोर्ट आठवतो.

एकदम सगळं मागवू नकोस, थेरॅकचा लेख आधी. आणि रोज थोडा वेळ आपल्याच प्रोजेक्टचे जुने बग वाचत जा, विशेषतः 'नॉट रिप्रोड्यूसिबल', म्हणजे पुन्हा घडवता आला नाही, म्हणून बंद केलेले, ते कोणी परत उघडून बघत नाही. त्यातले दोन-चार पुन्हा घडवून बघ, या वेळी हात जरा भरभर चालव.