ओल भिंतीत की मनात?

"मॅडम, हे सगळे माझ्या मनाचेच खेळ आहेत का?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. त्या बाईंनी तो दारातूनच विचारला, कारण त्यांना आत पाऊल टाकवत नव्हतं. मी सकाळीच रूम फ्रेशनर मारला होता. येणाऱ्याला प्रसन्न वाटावं म्हणून! समुपदेशनाची पहिली भेट जिन्यातल्या खिडकीपाशी दोन खुर्च्या टाकून झाली. इतकं ओशाळं मला क्वचितच वाटलं असेल. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. फ्रेशनरचा मात्र खरा.)

वय पंचेचाळिशीच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी घरात भिंतीतला पाइप फुटला होता. मग खोकला, चोंदलेलं नाक, न संपणारा थकवा. वर्षभरात फिनेल, डिटर्जंट, परफ्यूम, नवा रंग, यातलं काहीही नाकाशी आलं की डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, शब्द आठवेनासे व्हायचे. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." नोकरी सुटली. मैत्रिणी आधी फोनवर उरल्या, मग तिथूनही गेल्या.

दुसऱ्या भेटीला नवरा सोबत आला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "साबण बदलला, आफ्टरशेव्ह सोडलं, पाहुणे बंद केले. आता तुम्हीच सांगा, यातलं किती खरं मानायचं?"

दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा होता. तो द्यायचा अधिकार मला नाही, हे मी आधी सांगून टाकलं. मग म्हटलं, एका गाठोड्यात दोन वेगळ्या गोष्टी बांधल्यात, त्या सोडवून बघू.

पहिली गोष्ट ओल. इथे फारसा वाद नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2004 साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली पुरावे तपासून ओलसर, बुरशी लागलेल्या घरांचा खोकला, घरघर आणि दम्याच्या त्रासाशी संबंध असल्याचं मांडलं. भिजलेली जागा 24 ते 48 तासांत कोरडी केली नाही तर बुरशी धरू लागते. मेलेली बुरशीसुद्धा अ‍ॅलर्जी देऊ शकते. म्हणजे औषध फवारून भागत नाही, ती काढावी लागते.

"आम्ही दोनदा रंग दिला ना," नवरा म्हणाला.

रंग डाग झाकतो, गळती नाही. पोपडे पुन्हा आलेच होते.

दुसरी गोष्ट रसायनांचा त्रास. मार्क कलन या डॉक्टरांनी 1987 साली त्याला 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' असं नाव दिलं. तो नेमका कशाने होतो यावर अजून एकमत नाही. असा त्रास असलेल्यांना रसायन देऊन काय होतं ते पाहणाऱ्या 37 प्रयोगांचा 2006 मध्ये आढावा घेतला गेला. वास ओळखू येत होता तेव्हा लोकांना त्रास झाला, वास लपवल्यावर मात्र रसायन कोणतं आणि साधी हवा कोणती, हे बहुतेकांना ओळखता आलं नाही. हे मी बाईंपासून लपवलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मनाचंच."

"दाढ काढताना हाल झालेल्या माणसाचा जबडा पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच आवळतो," मी म्हटलं. "म्हणून त्याची दाढ खोटी होती का? आणि आवळलेला जबडा तरी खोटा कसा?"

त्या बराच वेळ गप्प होत्या.

कामं वाटून घेतली. नवऱ्याने प्लंबर बोलावला. बाथरूमचा सांधा गळत होता. गळती थांबवून भिजलेलं प्लॅस्टर काढलं, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं. ती 60 टक्क्यांच्या खाली ठेवायची, जमलं तर 50 च्याही. बाई छातीच्या डॉक्टरांकडे गेल्या. फुंकर मारायच्या तपासणीत सौम्य दमा निघाला, तीन वर्षं कुणी बघितलाच नव्हता! इनहेलर सुरू झाला आणि काही आठवड्यांत खोकला गेला.

गोष्ट इथेच संपली असती तर मला आवडलं असतं. वासांचा त्रास राहिलाच.

एक गोष्ट मी जरा चिडूनच थांबवायला सांगितली. घरात हवा 'शुद्ध' करणारं ओझोनचं मशिन आलं होतं. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो, दमेकऱ्याला तर जास्तच. लघवीतून बुरशीचं विष शोधणाऱ्या महागड्या चाचणीचा कागदही त्यांनी आणला होता. त्यावरून निदान करता येईल इतकी ती चाचणी भरवशाची नाही. हतबल माणसाला काहीही विकता येतं, याचा मला राग येतो.

मग वही. वास, जागा, आदली झोप, त्रास. महिन्याभरात त्यांनीच दाखवलं की झोप झाली नसेल त्या दिवशी तोच साबण दुप्पट छळतो. दोनदा तर बाटली उघडण्याआधीच धडधड सुरू झाली होती. हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं, म्हणून पचलं. मी सांगितलं असतं तर उठून गेल्या असत्या.

घरातल्या सतरा नियमांपैकी तीन पक्के ठेवले: स्प्रे नाही, झोपायच्या खोलीत सुगंध नाही, फरशी पुसल्यावर खिडक्या उघड्या. बाकीचे एकेक करून सोडायचे. कोणता आणि कधी, ते त्या ठरवणार. नवऱ्याने फक्त "आज त्रास किती?" हे विचारणं बंद करायचं. त्याला हेच सगळ्यात जड गेलं. मैत्रिणीला त्या मोकळ्या मैदानात भेटू लागल्या, आधी वीस मिनिटं.

ध्यानावर आधारलेल्या उपचाराचीही आम्ही जोड दिली. डेन्मार्कमधल्या 2015 च्या अभ्यासात त्याने लक्षणांचा भार हलला नव्हता, आजाराकडे बघण्याची नजर मात्र बदलली होती. तेवढंच मिळेल, असं मी आधीच सांगितलं होतं.

गेल्या भेटीला दोघं आले तेव्हा शेजारच्या खोलीत रंगकाम चालू होतं आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवऱ्याने घाबरून बायकोकडे पाहिलं. त्यांनी नाकावर रुमाल धरला.

"ऑइल पेंट आहे. चला, आपल्या जिन्यात बसू," त्या म्हणाल्या आणि स्वतःच खुर्ची उचलली.