निकाल १९५४ चा, मग १९५७ साली सैन्य का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शिक्षक-आदानप्रदान कार्यक्रमात अमेरिकेला जाणार असून आर्कान्सा राज्यातील लिटल रॉकचे सेंट्रल हायस्कूल पाहणार आहे. वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४ सालीच लागला होता, तर तीन वर्षांनी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात नेण्यासाठी सैन्य का लागले? आणि सातवीच्या मुलांना हे कसे सांगावे?

उत्तर : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या १९५४ च्या निकालाने, म्हणजे ब्राउन खटल्याने, तत्त्व ठरले, मुदत ठरली नाही. १९५५ च्या पुढील आदेशातही न्यायालयाने तारीख दिली नाही, आणि मोघम आदेशाचे पुढे काय होते हे तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. लिटल रॉकच्या शाळा मंडळाने निदान योजना तरी आखली होती. परंतु गव्हर्नर ऑर्व्हल फोबस यांनी सुव्यवस्थेची सबब पुढे करून नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैन्यदल शाळेपुढे उभे केले आणि ४ सप्टेंबर १९५७ रोजी त्या सैनिकांनी जमावाला सोडून मुलांनाच अडवले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक धाडले आणि तेच नॅशनल गार्ड केंद्राच्या हुकमाखाली घेतले. २५ सप्टेंबरला मुले बंदोबस्तात आत गेली. तेव्हा प्रश्न सैन्याचा कमी आणि हुकूम कोणाचा चालणार याचा अधिक होता.

वर्गात सुरुवात त्या नऊ जणांतील एलिझाबेथ एकफर्डपासून करावी, असे मी सुचवीन. घरी फोन नसल्यामुळे सर्वांनी एकत्र जाण्याचा निरोप त्या पंधरा वर्षांच्या मुलीला मिळाला नाही. पहिल्या दिवसासाठी घरी शिवलेला पोशाख घालून ती एकटीच गेली, सैनिकांनी परतवल्यावर शिव्या देणाऱ्या जमावातून चालत बसथांब्यावरील बाकावर जाऊन बसली. बाबासाहेबांना शाळेत वेगळे बसावे लागे, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. त्यामुळे समजावण्याची फारशी गरज पडणार नाही. मात्र सैनिक आल्यावर सारे सुरळीत झाले, असे कृपया सांगू नये. शाळेच्या आत छळ वर्षभर चालू राहिला. त्यातूनही नऊ जणांतील अर्नेस्ट ग्रीन १९५८ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला, तर पुढील वर्षी शहरातील सरकारी हायस्कूलेच बंद ठेवण्यात आली आणि गोऱ्या मुलांनाही त्याची झळ बसली. हा भाग सहसा गाळला जातो. आपण गाळू नये.

तिथे आजही शाळा भरते. समोरचे माहिती केंद्र पाहता येते, परंतु इमारतीत जाण्यासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मार्गदर्शकासोबतची फेरी आधीच ठरवून घ्यावी.