सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

तुमची १९९९ची मारुती झेन, क्रँकचं मागचं ऑइल सील दोनदा बदललं तरी गळती चालूच, आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर. हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) जाऊन कूलंट तेलात मिसळतंय का, असं विचारलंय. कूलंट कमी होत नसेल तर ते भूत आधी मानगुटीवरून उतरवा.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली तेलाच्या चेंबरमध्ये (क्रँककेसमध्ये) येतोच, नव्या गाडीतही. त्यात पाण्याची वाफ असते. ब्रीदरमधला पीसीव्ही व्हॉल्व्ह हा गॅस ओढून परत इंजिनात जाळायला पाठवतो. तो चोंदला की आत दाब साठतो आणि तेल मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं. सील बिचारं फुकट बदनाम होतं.

लोणी मात्र निव्वळ व्हॉल्व्हमुळे असेलच असं नाही. घर ते फोंडा बाजार, पाच मिनिटांत इंजिन बंद, त्यात आपला पावसाळा. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नव्हे; तेलाला जास्त वेळ लागतो. आठवड्यातून एकदा मडगावपर्यंत जाऊन या, वाफ उडून जाईल.

आता तपासणी. इंजिन आयडलिंगला ठेवून पीसीव्ही व्हॉल्व्ह, टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) बाजूनं मोकळा करा आणि त्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे. काढून हलवला की आतून खडखड आवाज यायला हवा. आवाज आला म्हणजे चांगलाच, असं मात्र नाही. आतली स्प्रिंग थकलेली असू शकते. कार्ब्युरेटर क्लीनरनं धुऊन चालतो, पण इतक्या स्वस्त वस्तूसाठी मी धूत बसत नाही, नवा टाकतो. उघडाच अडकला असेल तर उलट त्रास: आयडलिंग डळमळतं, तेल जळतं.

व्हॉल्व्हचा पाइप आणि रबरी ग्रोमेटही (व्हॉल्व्ह बसतो ती कडी) बघा. जुनं रबर कडक होऊन तडकतं. माझ्या जुन्या गाडीला मी एकदा बागेतल्या पाण्याच्या पाइपचा तुकडा लावला होता. हुशारी! तेलानं तो फुगून मऊ झाला, मग ओढीनं चपटा, आणि व्हॉल्व्ह नवा असून रस्ता बंद. तेल सोसणारा पाइपच घ्या.

एवढं करूनही झाकण काढल्यावर भकाभका धूर येत असेल, एअर फिल्टर तेलानं भिजत असेल, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. रिंगा झिजल्या असतील तर व्हॉल्व्ह काय करणार? पण तिसरं सील घालू देण्याआधी मेस्त्रीला एवढं करायला लावाच.