सगळ्यांचं पाप एकटीनं का उचलायलीस

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आफ्रिकेतल्या रवांडातल्या नरसंहाराचं वाचल्यापासून झोप नाही, माणूसजातीला माफच करता येत नाही असं लिहिलंयस, आणि अगदी शेवटी हळूच आजीचं, की आपल्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सौंदत्तीच्या जत्रेला जायची, यल्लम्मा देवीला मुली देवदासी म्हणून सोडलेल्या दिसायच्या आणि कुणी काही बोलायचं नाही. मला वाटतं खरं दुखणं तिथंच आहे.

आधी माफीचं. ती ज्याचं गेलं त्याच्या हातात, तुझ्यामाझ्या नाही. रवांडात 1994 ला साधारण शंभर दिवसांत लाखो माणसं मारली, कितीतरी ठिकाणी शेजाऱ्यांनीच. पुढं गावोगावी गचाचा नावाची लोकन्यायालयं भरली, 2012 पर्यंत चालली, तिथं कितीतरी घरच्यांना आधी एवढंच हवं होतं की आमचं माणूस मारून कुठं टाकलंस ते सांग. काहींनी माफ केलं, काहींनी नाही, आणि ज्यांनी नाही केलं त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता तुझ्या अपराधाचं. तुझ्या जन्माआधीच्या गोष्टीची तू आरोपी नाहीस, हे पक्कं धर. पण जमीन नावावर झाली की उताऱ्यावरचा बोजाही येतो ना, तसं घराण्याचा मान घेतलीस तर त्याची बाकीही आली. पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, विली ब्रांट बघ, नाझींच्या विरोधातला माणूस, 1933 ला देश सोडून नॉर्वेला गेलेला. तरी 7 डिसेंबर 1970 ला वॉर्सात ज्यूंच्या स्मारकासमोर तोच गुडघे टेकून बसला, आणि तेव्हाच्या सर्व्हेत 48 टक्के जर्मन लोक म्हणाले जरा जास्तच झालं.

आपल्याकडं बघ. देवदासी सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 लाच कायदा झाला, सौंदत्ती ज्यात येतं ते बेळगाव तेव्हा त्यातच होतं. कर्नाटकानं 1982 ला परत कायदा केला. मधली 48 वर्षं कायदा असूनही मुली सोडल्या जातच होत्या, पुजारी, पाटील, जत्रेकरू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि त्यात तुझ्या आजीसारख्या मायाळू बायकाही होत्या, हेच मला जास्त छळतं. आजीवरची माया सोडू नकोस, पण तिला विचार, काय बघितलंस म्हणून. चिडली तरी विचार, आणि सांगेल ते लिहून ठेव.

आणि एक, यल्लम्माला सोडलेल्या कुठल्या म्हाताऱ्या जोगतीणबाईसमोर जाऊन रडू नकोस हं. मग तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं, आयुष्यभर दुसऱ्यांचं करून झालेलं असताना. माझ्याजवळ रड की, हवं तेवढं. त्या बायकांना मासिक पेन्शन असते, पण फॉर्म कन्नडात, आणि मराठी बोलणाऱ्या कितीजणींना तो वाचता येत नाही, तुला येतं. येत्या शनिवारी मोकळी असशील तर सकाळी लवकर ये, माझ्या ओळखीच्या दोघीजणींचे कागद अडकलेत, आधार कार्डाची झेरॉक्स काढूनच जाऊया.

तुझा,
सर