वांग्याच्या मरीचा जिवाणू जमिनीत टिकतो कसा?

प्रश्न (सिंधुदुर्गातील शेतकरी): भात कापल्यावर खाचरात वांगी लावतो. फळं धरायच्या वेळी हिरवीगार झाडं माना टाकतात आणि काही दिवसांत वाळतात. एक वर्ष वांगी बंद ठेवली, तरी मर परत आलीच. जमीन भाजली तर रोग जाईल का?

उत्तर: आधी रोगाची खात्री करा. मरणाऱ्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा आणि कापलेलं टोक ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरले, तर ही रालस्टोनिया सोलानेसिएरम या जिवाणूची मर. बुरशीच्या मरीत असे धागे दिसत नाहीत. जिवाणूवर बुरशीनाशकाची आळवणी म्हणजे पैसे मातीत.

एका वर्षाने हा हटत नाही. कुजक्या मुळांचे तुकडे, खालचा ओलसर थर, पाटाचं पाणी, सगळीकडे तो तग धरतो. बांधावरच्या कामुनीच्या, म्हणजे वांग्याच्याच कुळातल्या तणाच्या, मुळांतही तो राहतो आणि ती वरून निरोगी दिसते. आपली उष्ण, दमट हवा आणि आम्ल जमीन त्याला मानवते.

पण मातीत त्याला वैरीही खूप. एकपेशीय प्राणी जिवाणू खातात, काही विषाणू जिवाणूंनाच मारतात, स्युडोमोनास आणि बॅसिलस हे उपयोगी जिवाणू मुळांवरची जागा बळकावतात. निर्जंतुक केलेल्या मातीत हाच रोगजंतू बेफाम वाढतो. म्हणून भाजावळ मी सांगणार नाही. आच वरच्या थरापुरतीच पोचते. तिथले मित्रजीव मरतात, आणि खालचा शत्रू मोकळ्या रानात वर येतो.

मेलेली झाडं मुळांसकट उपटून शेताबाहेर जाळा, पाटात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. रोगट खाचरातलं पाणी दुसऱ्या खाचरात सोडू नका. कामुनी उपटा. खुरपणी हलक्या हाताने करा, कारण मुळाच्या जखमेतून तो सहज आत शिरतो. पावसाळ्यात खाचरात भातच घ्या, साचलेल्या पाण्यात त्याची संख्या घटते. त्यानंतर दोन-तीन हंगाम वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा नको, भुईमूगही नको. मका किंवा कांदा चालेल.

पुन्हा वांग्याकडे वळाल तेव्हा अर्का केशव किंवा अर्का निधी हे मर सहन करणारे वाण घ्या. चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाला. लावणीआधी रोपांची मुळं, लिटरभर पाण्यात १० ग्रॅम स्युडोमोनास फ्लुरोसन्स मिसळून, अर्धा तास बुडवा. रोप मात्र रोगमुक्त मातीतलंच हवं. वाफा त्या खाचरात करू नका.