वाचकांचे प्रश्न : रविवारी पुढे कोण उभं राहणार?

प्रश्न :

आदरणीय सिस्टर, प्रभूमध्ये सलाम. आमच्या गावात आपली ख्रिस्ती मोजकीच घरं आहेत. पाळकसाहेबांकडे सहा गावं, म्हणून आमच्याकडे ते महिन्यातून एकाच रविवारी येतात. बाकीच्या रविवारची उपासना मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ, चालवत. ते पोळ्याच्या आधी वारले. आता पाळकसाहेब म्हणतात, तू चालव. मी दहावी नापास. बोलणं वऱ्हाडी, अन् संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, तर पुस्तकातली भाषा लागते, ते मले जमत नाही. कापूस फुटला आहे आणि वेचायला मजूर मिळतात ते रविवारीच. घरात मुलगी लग्नाची आहे, आपण पुढे पुढे केलं की गावात नाही नाही ते बोलणं होतं. आणि खरं सांगू का, गेल्या साली ऐन बोंडं फुटायच्या वेळी पाणी लागून राहिलं. झाडावरच सरकीला कोंब फुटले. मी रात्र रात्र प्रार्थना केली होती. तेव्हापासून प्रार्थनेत ओठ हलतात, आतून काही येत नाही. असा माणूस पुढे उभा राहिलेला देवाला चालेल का?

— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर :

भाऊ, सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही न जमण्याची चार कारणं दिलीत आणि मग ‘खरं सांगू का’ म्हणालात. त्या खऱ्याकडे येतेच, पण वरच्या चारांमध्येही सगळी सारखी नाहीत.

कापसाचं कारण मी सबब मानत नाही. फुटलेला कापूस थांबत नाही आणि मजूर मिळण्याचा दिवस तुमच्या हातात नाही. पण उपासना सकाळी दहालाच झाली पाहिजे असं कुठे आहे? बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्रोवसची मंडळी भाकर मोडायला जमली ती रात्री. माडीवर पुष्कळ दिवे होते, पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोपेच्या गुंगीत खिडकीतून खाली पडला. तुम्ही इतकं लांबवू नका. वेचणी संपेपर्यंत दिवेलागणीला जमा. बायाही शेतातूनच येतात, त्यांनाही तेच सोयीचं.

शिक्षणाचं आणि भाषेचं कारण मात्र मी ऐकणार नाही. येशूचा शिष्य पेत्र अंगणात शेकोटीपाशी ओळखला गेला तो त्याच्या बोलीवरूनच. पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्मा उतरला तेव्हा, लोक चकित झाले तेही, हे बोलणारे सगळे गालीलीच ना, म्हणून. पुढे पेत्र-योहान अशिक्षित आहेत हे पाहून अधिकाऱ्यांना नवल वाटलं, त्यांनी बोलू नका म्हणून ताकीदही दिली, तरी त्यांचं तोंड काही बंद झालं नाही. तुमच्या मंडळीत कोण बसतं? ज्यांच्याशी तुम्ही रोज बांधावर बोलता तेच. त्यांच्यापुढे वऱ्हाडीत बोलायला लाज कशाची?

गावाच्या बोलण्याची भीती खरी आहे आणि मुलीच्या बापाला ती जास्तच असते. अरिमथाईचा योसेफसुद्धा लोकांच्या भीतीने गुप्तपणे शिष्य होता, असं योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलं आहे. त्याबद्दल तिथे त्याला एका शब्दाचा दोष दिलेला नाही, आणि वधस्तंभावरचं प्रभूचं शरीर मागायला पिलाताकडे गेला तोही तोच. तुमच्याकडे आपल्याच घरांची, वर्षानुवर्षं चालत आलेली उपासना आहे. दार उघडं ठेवा, वेळ बदलली की शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना सहज कानावर घाला. लपवलेल्या गोष्टीवरच जास्त चर्चा होते.

आता खरं कारण. देव आपल्या लोकांना मिसरातून सोडवायला पाठवत होता तेव्हा मोशेने जळत्या झुडपापाशी देवाला एकामागून एक अडचणी सांगितल्या : मी कोण, तुझं नाव काय सांगू, ते माझं ऐकणार नाहीत, माझी जीभ जड आहे. निर्गमाच्या पुस्तकाचा तिसरा-चौथा अध्याय सावकाश वाचा. या चारही वेळा देवाने रागावल्याचं एक अक्षर तिथे नाही. त्याने उत्तर दिलं, खूण दिली, ‘मी तुझ्याबरोबर असेन’ म्हणाला. राग आला तो पाचव्या वेळी, मोशेकडे काहीच कारण उरलं नाही आणि तो म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. आणि तेव्हाही हाकलून दिलं नाही, अहरोनाला जोडीला दिलं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की देव सांगतो, तो तुला भेटायला निघालाच आहे. मोशे नाही म्हणत होता तेव्हा त्याचा भाऊ वाटेत होता.

तुम्ही मात्र ‘दुसऱ्याला पाठव’ असं म्हटलेलं नाही. तुम्ही विचारलंत की चालेल का. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायाचं सतरावं वचन काढा. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर उठलेल्या प्रभूला पाहून नमन करतात, आणि लगेच पुढे लिहिलं आहे की काहींना संशय वाटला. प्रभूने संशयवाल्यांना बाजूला काढलं नाही. आधी मन साफ करून या, मग काम देतो, असंही म्हणाला नाही. सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही आज्ञा त्याच अकरा जणांना त्याच जागी दिली. म्हणून माझं उत्तर, चालेल.

पण एक अट माझ्याकडून. पुढे उभं राहून सगळं बरं असल्याची साक्ष देऊ नका. झाडावर कोंब फुटलेली सरकी ज्याने पाहिली, त्याने ‘देवाने मला काही कमी पडू दिलं नाही’ म्हणायचं, हे मला सहन होणार नाही, आणि तुमच्या मंडळीतल्या ज्यांचं शेत तसंच गेलं त्यांनाही होणार नाही. हबक्कूकचं पुस्तक घ्या. तीनच अध्याय आहेत. शेवटचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो : अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. तेवढंच वाचून शेतकऱ्याला धीर देणारे मी पुष्कळ ऐकले. त्याच माणसाने पहिल्या अध्यायात काय म्हटलं ते कोणी वाचत नाही. मी किती वेळ ओरडू, तू ऐकत नाहीस, असं तो देवाच्या तोंडावर म्हणतो. तिसरा अध्याय त्या ओरडण्यानंतर येतो. तुमचा अजून पहिला चालू आहे. तो वाचा, मोठ्याने.

2017 च्या फवारणीच्या हंगामात मी दवाखान्यात होते. यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने माणसं गेली ते साल तुम्हाला सांगायला नको. रात्रपाळीला एक जण आला. कपड्यांना औषधाचा वास, तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालू होती, मी टॉर्च मारून बाहुली मोठी होते का पाहत होते. त्याच्या बायकोने माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि विचारलं, “सिस्टर, तुमचा देव आयकते का?” माझ्याकडे त्या वेळी सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. तिच्या परवानगीने मी तिच्याजवळ उभी राहून दोन वाक्यांची प्रार्थना केली, आवाज कापत होता, आणि पुन्हा टॉर्च हातात घेतला. मनातलं सगळं मिटेपर्यंत थांबले असते तर ती बाई त्या रात्री एकटी राहिली असती. तुमच्या गावात त्या वडिलांच्या माघारी अशीच माणसं बसलेली आहेत.

पहिल्या काही रविवारी संदेश देऊच नका. एक गीत, हबक्कूकच्या पहिल्या अध्यायातली सुरुवातीची चार वचनं, थोडा वेळ शांत बसणं, प्रभूची प्रार्थना. एवढी उपासना पुरी आहे. प्रभुभोजन पाळकसाहेब येतील तेव्हा. आणि एकट्याने उभे राहू नका. वारलेल्या वडिलांच्या पत्नी असतील तर त्यांना विचारा. इतकी वर्षं दर रविवारी त्या समोर बसून ऐकत आल्यात, कोणतं गीत कोणत्या चालीवर हे त्यांना विचारल्याशिवाय कळायचं नाही. त्यांनी सुरुवातीची प्रार्थना केली तर तुमच्या तोंडचा निम्मा भार हलका होईल.

राहिले पाळकसाहेब. ओठ हलतात पण आतून काही येत नाही, हे तुम्ही मला लिहिलंत, त्यांना सांगितलं नसणार. पुढच्या महिन्यात ते येतील तेव्हा आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलवा, शेतावर घेऊन जा आणि तिथे सांगा. सहा गावं फिरणाऱ्या माणसालाही कोणी असं बोललेलं हवं असतं.