ऑलिम्पिकचा पैलवान केजमध्ये कुस्ती का करत नाही?

तुम्ही विचारलंय की यूएफसीमधले, म्हणजे जाळीच्या केजमध्ये ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींमधले, मुरलेले फायटर ऐन लढतीत न पटणारे निर्णय का घेतात. उदाहरण दिलंय योएल रोमेरोचं. ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवलेला पैलवान, आणि इस्राएल अदेसान्यासमोर पाच फेऱ्या जवळजवळ नुसता उभा. 'एकदा खाली पाडायला काय झालं होतं त्याला?' असं तुम्ही लिहिलंय.

मी मुंबईत परळच्या बाजूला एका जिममध्ये पोरांना ग्रॅपलिंग, म्हणजे धरपकड आणि जमिनीवरचे डाव, शिकवतो आणि स्थानिक स्पर्धांत त्यांच्या कॉर्नरला, म्हणजे केजबाहेर सूचना द्यायला, असतो. त्याआधीची वर्षं तालमीत गेली. तुमचा हा प्रश्न मी दर स्पर्धेत प्रेक्षकांकडून ऐकतो, फक्त तिथे तो ओरडून विचारलेला असतो: 'अरे, पट काढ की!' म्हणजे झेप घेऊन पाय धर आणि खाली पाड.

माझं उत्तर असं की केजमध्ये पट काढण्याइतकं महाग काहीच नाही, आणि ती किंमत टीव्हीवर दिसत नाही. ठोसा चुकला तर हात परत येतो. पट फसला की समोरचा पाय मागे फेकतो आणि सगळं वजन तुमच्या मानेवर, खांद्यांवर टाकतो. ते वजन घेऊन तुम्हाला गुडघ्यांवरून उठायचं असतं, आणि उठताना तो गुडघा मारणार, कोपर मारणार. पहिल्या फेरीत असे दोन-तीन पट फसले तर पुढच्या फेरीत मांड्या जड होतात. त्याहून वाईट म्हणजे पंजे जातात. माझ्याकडे साताऱ्याकडचा एक मुलगा होता, तालमीत घडलेला, एकेरी पटात कुणाला ऐकायचा नाही. एका लढतीत दुसऱ्या फेरीनंतर त्याने पट काढणंच सोडलं. त्याचे मामा कठड्यावर हात आपटत होते. मी कॉर्नरला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, 'सर, मूठ आवळत नाही.' पाय हातात येऊनही धरता येणार नसेल, तर झेप घ्यायची कशासाठी?

कुस्तीचं आणि या खेळाचं गणितच वेगळं आहे. ऑलिम्पिकची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, म्हणजे सहा मिनिटांची. यूएफसीची किताबाची लढत पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपतो. इथे पाठ टेकलेला माणूस हरलेला नसतो. तो तुमच्या कमरेला पायांची मिठी घालतो, आणि त्याला जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर गळा आवळायची आणि सांधे पिळायची विद्या, येत असेल तर त्याचा खेळ तिथून सुरू होतो. शिवाय कुस्तीत गळा आवळायला बंदी आहे, म्हणून पैलवानाला डोकं खाली घालून आत शिरायची सवय असते. इथे तीच मान गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून काखेत धरून गळा आवळण्याच्या डावात, अडकते. आपला भरत खंडारे हा यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय फायटर, मूळचा पैलवान. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला सोंग यादोंगविरुद्ध तो पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये हरला. त्या रविवारी आमच्या जिममध्ये कुणाला फारसं बोलावंसं वाटलं नाही. तेव्हापासून कुस्तीतून आलेल्या पोरांना मी पटाआधी मान वाचवायला शिकवतो. ते कंटाळतात, तरी शिकवतो.

हे सगळं एकाच लढतीत बघायचं असेल तर जून 2015 मधली केन वेलास्केझ विरुद्ध फाब्रिसियो वेर्दुम ही लढत बघा. वेलास्केझ हेवीवेटमध्ये दमासाठी ओळखला जायचा, त्याचं टोपणनावच कार्डिओ केन. लढत होती मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून साधारण 2,240 मीटरवर. वेर्दुम बराच आधी जाऊन तिथल्या विरळ हवेत सराव करून बसला होता, वेलास्केझ त्या मानाने फार उशिरा पोचला. पहिल्या फेरीत त्याने नेहमीचा रेटा लावला, दुसऱ्या फेरीत तोंड उघडं पडलं, आणि तिसऱ्या फेरीत त्याने सरळ वेर्दुमच्या हातात मान दिली. वेर्दुम म्हणजे जिउ-जित्सूतला जगज्जेता. त्याच्यावर डोकं पुढे करून झेप कोण घेतं? लोक आजही हा निर्णय मूर्खपणाचा म्हणतात. मला तसं वाटत नाही. दमलेला माणूस जे सर्वात जास्त घोटलंय तेच करतो. वेलास्केझच्या अंगात लहानपणापासून कुस्ती मुरलेली होती, म्हणून फुफ्फुसं रिकामी झाल्यावर त्याने पटच काढला. खरी चूक त्या क्षणी झालीच नव्हती. ती काही आठवड्यांपूर्वी झाली होती, तिकडे उशिरा पोचण्यात.

आता तुमचा रोमेरो. मार्च 2020 मध्ये ती लढत झाली तेव्हा तो 42 वर्षांचा होता, आणि रौप्यपदक 2000 सालच्या सिडनीचं. त्याचं शरीर स्फोटासारखं चालतं: काही सेकंद भयंकर वेग, मग बराच वेळ शांतता. एवढा स्नायू प्राणवायूही तेवढाच मागतो. पंचवीस मिनिटं पुरवायची असतील तर तो प्रत्येक हालचाल मोजूनच करणार. त्यात अदेसान्या काउंटर मारणारा, समोरचा आत आला की त्याचा फायदा. रोमेरोला वाटलं, हाच आत येईल. अदेसान्याला वाटलं, हा येईल. दोघेही थांबले. अदेसान्याने लांबून पायांवर लाथा मारत फेऱ्या जमवल्या आणि तिन्ही पंचांनी त्यालाच कौल दिला, दोघांनी 48-47 असा. म्हणजे फरक एका फेरीचा. त्यामुळे रोमेरोची योजना वेडगळ होती असं मी म्हणणार नाही. मात्र चौथ्या फेरीच्या आधी ती मोडायला हवी होती, आणि ती मोडली नाही हा दोष मी त्याला आणि त्याच्या कॉर्नरला नक्की देईन.

थांबून राहण्याचं दुसरं कारण भीती. लोक हे बोलायला कचरतात, पण केजमध्ये प्रत्येकजण घाबरतो. जुलै 2018 मध्ये फ्रान्सिस नगानू आणि डेरिक लुईस हे दोन सर्वात जड हाताचे हेवीवेट समोरासमोर आले आणि पंधरा मिनिटांत दोघांचे मिळून 31 प्रभावी फटके लागले. प्रेक्षकांनी हुर्यो केली. ही लढत एकटी बघितली तर काहीच कळत नाही. तिच्याआधीची, जानेवारीतली बघा. नगानू स्टीपे मिओचिचविरुद्ध पहिल्या फेरीत सगळी ताकद उधळून बसला आणि उरलेल्या चार फेऱ्या अक्षरशः ओढत नेल्या. पुन्हा तसं होईल या धास्तीने तो लुईससमोर गोठला. आधीच्या लढतीची भीती आपण इथे घेऊन आलो, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. एवढा मोठा माणूस हे उघड बोलला म्हणून मला त्याचा फार आदर वाटतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने कर्टिस ब्लेड्सला 45 सेकंदांत संपवलं.

जे मला खरोखर कोडं वाटायचे असे दोन निर्णय सांगतो. चेल सोनेनने 2010 मध्ये अँडरसन सिल्वाला चार फेऱ्या खाली दाबून ठेवलं आणि पाचव्या फेरीत पायांच्या कैचीत अडकून हरला. 2012 मधल्या दुसऱ्या लढतीत पहिली फेरी पुन्हा त्याचीच. दुसऱ्या फेरीत मात्र त्याने गिरकी घेऊन उलट्या हाताचा फटका मारला, तो हुकला, तो स्वतः जाळीपाशी खाली पडला, आणि सिल्वाने तिथेच लढत संपवली. पैलवानाने, तेही सिल्वासारख्या ठोसे-लाथांत तरबेज माणसासमोर, असा फटका का मारावा? मी ती फेरी संथ करून पाहिली आहे. त्याआधी सिल्वा त्याचे पट अडवत होता. रोजचं हत्यार चालेनासं झालं की माणूस हाताला लागेल ते उचलतो. त्या फटक्याला मी याच नजरेने बघतो.

दुसरा मार्च 2016 मधला, कॉनर मॅकग्रेगरचा. दुसऱ्या फेरीत नेट डियाझच्या ठोशांनी तो हलला आणि त्याने डियाझचे पाय धरायला झेप घेतली. डियाझ जिउ-जित्सूत त्याच्यापेक्षा कितीतरी सरस, त्याने पाठ पकडून मागून गळा आवळला. पण ज्याने कधी नीट ठोसा खाल्लाय त्याला हे कळेल. डोकं बधिर झालं की हात आपोआप समोरच्याला धरायला जातात. बॉक्सिंगमध्ये मिठी मारली की रेफरी सोडवतो, तेवढा श्वास मिळतो. इथे कुणी सोडवायला येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, कोच काय करत असतात. बाहेरून ओरडलेलं पोरांना फारसं ऐकू येत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. हाती असतो तो दोन फेऱ्यांमधला एक मिनिट. त्यातला अर्धा श्वास बसण्यात जातो. उरलेल्या वेळात तीन सूचना दिल्या तर एकही पोचत नाही, म्हणून एकच द्यायची, आणि ती सरावात घोटलेली हवी. ऑगस्ट 2022 मध्ये लिऑन एडवर्ड्स कमारू उस्मानविरुद्ध चौथ्या फेरीअखेर स्पष्ट मागे होता, मान खाली घालून बसला होता. त्याच्या कॉर्नरने त्याला डावपेच समजावले नाहीत, चक्क झापलं. पाचव्या फेरीत मिनिटभरही उरलं नव्हतं तेव्हा त्याने डाव्या हाताच्या ठोशाची हूल दिली, उस्मानचं डोकं हुलेला फसून सरकलं, आणि मागून आलेली डावी लाथ तिथेच बसली. रोमेरोची लढत पुन्हा लावलीत तर ठोसे सोडा, फेऱ्यांमधला तो एक मिनिट आवाज वाढवून ऐका.